केटला वाचवता आलं नाही, आता पुन्हा पहिल्यापासून खेळू का?

पत्र:

«मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘लाइफ इज स्ट्रेंज’ या व्हिडिओ गेमचा पहिला भाग फुकट होता म्हणून लॅपटॉपवर घेतला आणि आवडला म्हणून बाकीचे चार सेलमध्ये विकत घेतले. परवा दुसरा भाग संपवला. शेवटी केट मार्श वसतिगृहाच्या गच्चीवर उभी असते, मॅक्सची काळ मागे नेण्याची शक्ती नेमकी तिथेच संपलेली असते आणि मला तिला वाचवता आलं नाही. तेव्हापासून पुढे खेळायचं धाडसच होत नाही. एक मैत्रीण म्हणते, सेव्ह, म्हणजे साठवलेली प्रगती, पुसून टाक आणि गाईड उघडून सगळं बरोबर कर. दुसरी म्हणते, तसं केलंस तर ती चीटिंग. माझं नक्की काय चुकलं? इंग्रजी संवादांचा वेग मला झेपत नाही, त्यामुळेही काही सुटलं असेल. आणि माझा बारा वर्षांचा भाऊ शेजारी बसून बघतो, त्याला खेळू द्यावं का? दोन दिवस नीट झोप लागलेली नाही, पण हे घरी सांगितलं तर हसतील. कृपया पुढचं काही फोडू नका.
– रिवाइंड न सापडलेली, डोंबिवली»

सेव्ह पुसू नकोस. पुन्हा सुरुवातही करू नकोस. आहेस तिथूनच तिसरा भाग सुरू कर.

केट गेली म्हणून गोष्ट अडत नाही. हरवलेली रेचल अँबर कुठे गेली, शुक्रवारचं वादळ खरंच येणार का, मॅक्स आणि तिची जुनी मैत्रीण क्लोई यांचं पुढे काय, यातलं काहीच केटच्या असण्या-नसण्यावर टांगलेलं नाही. ती वाचली असती तर तिची एक भेट, काही संवाद आणि काही मेसेज तुला जास्त मिळाले असते. ती नाही, तर तिची उणीव शाळेतल्या माणसांच्या बोलण्यातून जाणवत राहते, आणि लिहिणाऱ्यांनी ती बाजूही तितक्याच मन लावून लिहिली आहे. गेम मोडला, अर्धवट राहिला किंवा तुला ‘वाईट शेवट’ मिळणार असा काही प्रकार नाही. केटला न वाचवता पुढे गेलेले खेळाडू भरपूर आहेत. भागाच्या शेवटी टक्केवारीचा जो तक्ता येतो, त्यात तुला ते दिसलंच असेल. त्या तक्त्याला गुणपत्रिका मानू नकोस. इतरांनी काय निवडलं एवढंच तो सांगतो.

आता चुकलं कुठे ते पाहू. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगायचं तर, पॅरिसच्या डोंटनॉड स्टुडिओने बनवलेला आणि स्क्वेअर एनिक्सने प्रकाशित केलेला हा गेम २०१५ साली जानेवारी ते ऑक्टोबर या काळात पाच भागांत आला. गोष्ट घडते ऑक्टोबर २०१३ मध्ये, सोमवार ७ ते शुक्रवार ११ या पाच दिवसांत, अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात समुद्रकाठी वसलेल्या आर्केडिया बे या काल्पनिक गावात. मॅक्स कॉलफिल्ड अठरा वर्षांची, ब्लॅकवेल अकॅडमी या निवासी शाळेत फोटोग्राफी शिकायला आलेली. सिएटलमध्ये पाच वर्षं काढून ती आपल्या जुन्या गावी परतली आहे. आपल्याकडच्या बारावीच्या वयाची मुलं, पण घरापासून लांब, वसतिगृहात राहणारी, आणि त्यांच्यावर दादागिरी करायला पैसेवाल्या पोरांचा एक क्लब. केट याच वसतिगृहातली. कट्टर धार्मिक घरातली मुलगी, लग्नाआधी संयम पाळा असा शाळेत प्रचार करणारी. एका पार्टीत तिच्या पेल्यात कोणीतरी काहीतरी मिसळलं, शुद्ध हरपलेल्या अवस्थेत तिचा व्हिडिओ काढला आणि तो शाळाभर फिरवला. घरच्यांपर्यंत तो पोचला तर काय होईल, ही धास्ती तिला सर्वांत जास्त पोखरते. हा संदर्भ डोक्यात नसेल तर तिचं गप्प राहणं नुसतं बुजरेपण वाटतं, आणि इंग्रजी संवाद निसटत असतील तर तसं वाटणं साहजिकच आहे.

गच्चीवरचा प्रसंग अवघड जातो त्याचं कारण तिथे सुचणाऱ्या वाक्यांत नाही. गेम तिथवर तुला पाच-सहा तास एकच सवय लावत आलेला असतो: बोलून बघ, पटलं नाही तर मागे जा, दुसरं बोलून बघ. वर्गात जेफरसन सर आद्य छायाचित्रकार डागेअरबद्दल विचारतात, मॅक्सला उत्तर येत नाही, वर्गातली व्हिक्टोरिया उत्तर देऊन मिरवते. तू काळ मागे नेतेस आणि तेच उत्तर मॅक्सच्या तोंडून वदवतेस. मंगळवारी डायनरमध्ये क्लोईला शक्ती खरी असल्याचं पटवून देण्यासाठी तिच्या खिशात काय काय आहे ते तू असंच पाठ करतेस. म्हणजे तोवर नीट ऐकण्याची गरजच पडत नाही, कारण पुन्हा ऐकता येतं. मग केट कठड्यावर उभी राहते, मॅक्स सगळी ताकद लावून काळ थांबवते, जिने चढून वर पोचते, आणि तिथे शक्ती संपते. आता प्रत्येक उत्तर एकदाच. ज्या माहितीवर ती उत्तरं अवलंबून आहेत, ती तू सकाळी तिच्या खोलीत फिरताना बघितलेली असते किंवा बघितलेली नसते.

पुढचा भाग उत्तरांचा आहे. दुसऱ्यांदा खेळताना स्वतः शोधायची इच्छा असेल तर पुढचे दोन परिच्छेद सोडून दे.

केटच्या मनात मॅक्सबद्दल विश्वास आहे की नाही, याचा हिशेब पहिल्या भागापासून चालू असतो. सोमवारी आवारात सुरक्षा प्रमुख डेव्हिड तिला दरडावत असतो. तिथे मध्ये पडलीस तर ते केटच्या लक्षात राहतं. लांबून फोटो काढलास तर हाती पुरावा लागतो, पण केटला ती उपेक्षाच वाटते. मंगळवारी सकाळी शॉवरच्या खोलीतल्या आरशावर त्या व्हिडिओचा इंटरनेटवरचा पत्ता लिहिलेला असतो, तो पुसायचा. आरशाजवळ गेल्याशिवाय तो दिसत नाही, म्हणून बऱ्याच जणांचं तिकडे लक्षच जात नाही. टू व्हेल्स डायनरमध्ये क्लोईसमोर बसलेली असताना केटचा फोन येतो. क्लोई नाक मुरडते, तरी उचलायचा. पोलिसांकडे जाऊ का असं केट विचारते तेव्हा ‘जा’ म्हटलं तर तिला आधार वाटतो, ‘आधी पुरावा शोधू’ म्हटलं की आपल्याला टाळलं जातंय असं वाटतं. हे सगळं बरोबर केलं असेल तर गच्चीवर एखादं उत्तर चुकलं तरी निभावतं. यातलं फारसं केलं नसेल, तरी वर नेमकं बोलून तिला वाचवता येतं, फक्त चुकायला जागा उरत नाही.

गच्चीवरचे सर्वांत फसवे प्रश्न घरच्यांबद्दलचे. तुझ्या माणसांचा विचार कर, असं तिला सांगताना बहिणींचं किंवा वडिलांचं नाव घ्यायचं. आईचं नाव घेतलं की डाव उलटतो, कारण या प्रकरणात आईचाच रोष तिच्यावर आहे. भाऊ तर तिला नाहीतच, त्यामुळे तो पर्याय निवडला की आपण तिच्या खोलीत गेलो होतो पण काही पाहिलं नाही हे उघड होतं. बायबलमधल्या वचनाचा प्रश्न आला तर मत्तय ११:२८. थकल्या-भागलेल्यांनो माझ्याकडे या, अशा अर्थाचं ते वचन आहे. बाकीची वचनं तिच्या मनःस्थितीशी जुळत नाहीत. ही सगळी माहिती मंगळवार सकाळच्या खोलीत आहे. पडदे ओढलेले, आरसा कापडाने झाकलेला, कोपऱ्यात व्हायोलिन, पिंजऱ्यात अ‍ॅलिस नावाचा ससा. मॅक्स तिथे आपलं पुस्तक परत घ्यायला गेलेली असते आणि पुस्तक मिळालं की खेळाडू बाहेर पडतात. तसं न करता फोटो, पत्रं, पुस्तकं, जे जे उचलता येतं ते सगळं आधी उचलून वाचायचं आणि बोलणं त्यानंतर सुरू करायचं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण तुझी झोप उडाली आहे. गच्चीवरचा हा प्रसंग गेम म्हणून भेदक आहे, पण त्याची रचना स्मरणशक्तीच्या परीक्षेची आहे: खोलीतले तपशील आठवले तर मुलगी वाचते, नाही आठवले तर जाते. खऱ्या आयुष्यात असं चालत नाही. कोणी योग्य वचन आठवलं म्हणून माणूस वाचत नाही आणि कोणाचं एक वाक्य चुकलं म्हणून जातही नाही. या प्रसंगाचं हे दुबळेपण आहे, आणि त्याचं ओझं तू डोक्यावर घ्यायचं कारण नाही. डोंटनॉडलाही याची कल्पना होती. हा भाग आला तेव्हा त्यांनी मदत कुठे मिळेल हे सांगणारं वेगळं पान उघडलं होतं आणि भागाच्या शेवटी खेळाडूंना तिकडे जायला सांगितलं होतं. तुझी अस्वस्थता चार-सहा दिवसांत ओसरली नाही, किंवा केटच्या गोष्टीने तुझ्या स्वतःच्या किंवा जवळच्या कोणाच्या मनातलं काही ढवळून काढलं असेल, तर १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही केंद्र सरकारची सेवा आहे. फोन फुकट, दिवसरात्र चालू, मराठीतही बोलता येतं. ‘एका गेममुळे’ असं सांगायलाही तिथे संकोच करू नकोस. आणि घरचे हसतील म्हणतेस, तर त्यांना गेमचं नाव सांगण्याऐवजी गोष्ट सांग. एका मुलीचा व्हिडिओ शाळेत फिरवला गेला आणि तिचं कोणी ऐकून घेतलं नाही, एवढं ऐकल्यावर कोणी हसत नाही.

आता चीटिंगचा वाद. पहिल्या खेपेला गाईड नको, हे तुझ्या दुसऱ्या मैत्रिणीचं म्हणणं आम्हाला पटतं, पण नैतिकतेच्या कारणासाठी नाही. या गेममध्ये गाईड वाचून खेळलं की रहस्य उरतच नाही, आणि रहस्य वगळलं तर ड्रॉवर उघडणं आणि भिंतीवरची भित्तिपत्रकं वाचणं एवढंच हाती राहतं. काळ मागे नेऊन दोन्ही पर्याय बघणं मात्र चीटिंग नव्हे. ती सोय गेमनेच दिलेली आहे आणि ती मनसोक्त वापर. फक्त एवढं ध्यानात ठेव की मागे जाऊन तुला कळतो तो त्या क्षणाचा परिणाम. पडद्याच्या कोपऱ्यात फुलपाखरू फडफडलं म्हणजे त्या निवडीचा लांबचा परिणाम नोंदला गेला, आणि तो एक-दोन भागांनंतर बाहेर येतो. म्हणूनच प्रत्येक मोठ्या निवडीनंतर, तू काहीही निवडलंस तरी, मॅक्स ‘हे बरोबर केलं का’ असं पुटपुटते. तिच्या पुटपुटण्यावर विसंबून निवड बदलू नकोस. दुसरा पर्याय घेतलास तरी ती तेवढीच साशंक असते. दोन्ही बाजू एकेकदा ऐक, एक ठरव आणि जागा सोड. एकदा त्या जागेतून बाहेर पडलं की तिथवर मागे जाता येत नाही.

केटला वाचवून बघायचंच असेल तर त्याचा क्रम असा ठेव. आधी याच सेव्हवर पाचही भाग संपव. मग मुख्य मेन्यूत जाऊन रिकामा स्लॉट, म्हणजे सेव्हची वेगळी जागा, निवड. एकूण तीन स्लॉट असतात आणि एकाचा दुसऱ्यावर परिणाम होत नाही. तिथे नवा गेम सुरू कर. मधल्याच प्रसंगापासून सुरू करायचा मोह होईल, कारण मेन्यूत प्रकरणं निवडायची सोय दिसते. पण आहे त्याच स्लॉटमध्ये साध्या पद्धतीने मागचं प्रकरण उघडलं तर त्यापुढच्या तुझ्या सगळ्या निवडी पुसल्या जातात, आणि ही सूचना लोक न वाचताच ‘हो’ दाबून मोकळे होतात. तिथेच कलेक्टिबल मोड असतो. त्यात खेळलं तर मूळ सेव्हला धक्का लागत नाही. मात्र तो राहिलेले फोटो गोळा करण्यासाठी आहे. तिथे केलेल्या निवडी पुढे जात नाहीत, त्यामुळे केटला वाचवण्यासाठी त्याचा उपयोग नाही. हाताने सेव्ह करायची सोय या गेममध्ये नाही, सगळं आपोआप होतं. म्हणून प्रसंग बिघडला की घाईघाईने गेम बंद करायचा आणि आधीच्या चेकपॉइंटपासून, म्हणजे गेमने शेवटचं सेव्ह केलेल्या टप्प्यापासून, पुन्हा सुरू करायचा, असा एक मार्ग लोक वापरतात. कधी जमतं, कधी तोवर सेव्ह होऊन गेलेलं असतं. पहिल्या खेळीत तरी त्या वाटेला जाऊ नकोस.

फोटोंचा विषय निघालाच आहे तर सांगतो. प्रत्येक भागात दहा, एकूण पन्नास. मॅक्सच्या डायरीत प्रत्येक भागाच्या फोटोंची रेखाचित्रं असतात आणि त्यांवरून कशाचा फोटो हवा ते ओळखायचं. काही फोटोंसाठी आधी काहीतरी करावं लागतं, एखादी वस्तू हलवायची, कोणाला तरी जागचं उठवायचं, तेव्हाच कॅमेऱ्याचं चिन्ह दिसतं. पहिल्या खेपेला यामागे धावू नकोस. गोष्टीची लय बिघडते.

त्यापेक्षा त्याच डायरीचं बाकीचं लेखन तुझ्या जास्त कामाचं, आणि इथेच तुझा इंग्रजीचा प्रश्न बराचसा सुटतो. घडलेलं सगळं मॅक्स त्यात लिहीत असते, तेही साध्या वाक्यांत. संवाद वेगात निघून गेला तरी त्याचा सार तिथे सापडतो. तिसरा भाग सुरू करण्याआधी दहा-पंधरा मिनिटं बसून दोन्ही भागांची पानं वाच. सोबत फोनमधले मेसेजही उघड. ते येतात तेव्हा आपण दुसऱ्या कशात तरी गुंतलेले असतो आणि ते तसेच राहून जातात. शाळेतल्या नेथनच्या, वॉरेनच्या आणि आईबाबांच्या मेसेजांमधून बऱ्याच गोष्टींचा धागा लागतो. ऑप्शन्समध्ये सबटायटल चालू आहेत का तेही बघून घे. मराठी किंवा हिंदी नाहीत, पण इंग्रजी वाचत ऐकलं की किशोरवयीन अमेरिकन बोली पुष्कळ सुटी होते. दुसरं, पर्याय निवडण्यासाठी या गेममध्ये सहसा घड्याळ लावलेलं नसतं. चार पर्याय पडद्यावर आले की शांतपणे वाच, शब्द अडला तर शोध, मग निवड. आणि संवाद कळलाच नाही तर काळ मागे नेऊन तोच पुन्हा ऐक. बहुतेक लोक रिवाइंड निवड बदलण्यासाठी वापरतात. परक्या भाषेत खेळणाऱ्याला तो पुन्हा ऐकण्यासाठी दुप्पट उपयोगाचा आहे. गच्चीवर तो नव्हता म्हणूनच तुझी तारांबळ उडाली असणार. एका ओळीचा अर्थ लावत असताना पुढची ओळ निघून गेली, आणि त्याला निष्काळजीपणा म्हणता येणार नाही.

पुढच्या भागांत कोडी थोडी अवघड होतात. गोष्ट न फोडता सांगायचं तर शक्तीचे तीन नियम पक्के कर, म्हणजे गाईडची गरज पडणार नाही. मॅक्सने उचललेली वस्तू काळ मागे नेला तरी तिच्याजवळच राहते. तिला कळलेली गोष्ट तिला कळलेलीच राहते आणि त्यातून नवा पर्याय उघडला की त्याच्याशेजारी भोवऱ्याचं चिन्ह दिसतं. आणि तिसरा, जो लोक हटकून विसरतात: काळ मागे जातो तेव्हा जग मागे जातं, मॅक्स जिथे उभी आहे तिथेच राहते. म्हणजे काहीतरी मोडूनतोडून एखाद्या जागी पोचलीस आणि तिथे उभं राहून काळ मागे नेलास, तर मोडलेलं पुन्हा धड होतं आणि तू मात्र आत असतेस. बंद दारासमोर अडकलीस की हे आठव. याहून जास्त बोलत नाही.

वस्तूंच्या कोड्यांत अडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे क्रम. पहिल्या भागातलं क्लोईच्या गॅरेजमधलं कोडं आठव. बारीक स्क्रू-ड्रायव्हरचा संच वॉशिंग मशीनच्या वर, हात पोचणार नाही इतक्या उंचावर. मशीन चालू केलं की हादऱ्याने तो खाली घसरतो, पण मशीनखाली अशा ठिकाणी पडतो की काढता येत नाही. इथे मशीन पुन्हा पुन्हा चालू करून काहीच साधत नाही. तो कुठे पडतो ते एकदा बघायचं, काळ मागे न्यायचा, त्या जागी आधी पुठ्ठा सरकवायचा, मग मशीन चालू करायचं आणि संच पडला की पुठ्ठा ओढून घ्यायचा. मुलींच्या स्वच्छतागृहातही हेच: हातोडी सफाईच्या गाडीआड असते, गाडी आधी सरकवली नाही तर आगीची घंटा वेळेत वाजत नाही. पहिला प्रयत्न फसण्यासाठीच असतो. फसताना काय कुठे जातं ते नीट बघ आणि मागे गेल्यावर पहिली हालचाल तिथून कर. तिसऱ्या भागापासून अशा ठिकाणी तीन-चार पायऱ्या असतात, एवढाच फरक.

भंगारवाड्यात क्लोईसाठी पाच बाटल्या शोधण्याचं जे काम दुसऱ्या भागात होतं, ते कंटाळवाणं वाटलं असेल तर दोष तुझा नाही. गेमचा सर्वांत रटाळ तुकडा म्हणून तो ओळखला जातो. तसं पुढे फारसं नाही.

रहस्याकडे लक्ष द्यायचं तर भिंतींकडे बघत चल. रेचलचे ‘हरवली आहे’ असे कागद गावभर लावलेले आहेत, पण ते कुठे आहेत, कुठे नाहीत आणि कोणी फाडले आहेत, यालाही अर्थ आहे. कोणाच्याही खोलीत शिरलीस की ती पूर्ण बघितल्याशिवाय मुख्य काम करू नकोस, कारण मुख्य काम झालं की प्रसंग पुढे सरकतो आणि खोली बंद होते. केटच्या खोलीत तुझं जे झालं तेच पुढे दुसऱ्या कोणाच्या खोलीत होऊ शकतं. आणि बारीकसारीक गोष्टीही नोंदल्या जातात. मॅक्सच्या खोलीतल्या लिसा नावाच्या रोपाला पाणी घातलंस का, पहिल्या भागात फुटबॉल लागण्याआधी शाळेतल्या अ‍ॅलिसाला सावध केलंस का. ही अ‍ॅलिसा प्रत्येक भागात कशाच्या तरी तडाख्यात सापडते आणि तिला वाचवायला दहा सेकंद लागतात. पुस्तक घेऊन एका बाजूला उभी असते, शोधावी लागते. केटच्या बाबतीत हळहळणाऱ्या खेळाडूला हे काम आवडतं, असं दिसतं.

एका बैठकीत एकच भाग खेळ. प्रत्येक भाग तीनेक तासांचा आहे आणि शेवटी अशा जागी थांबतो की लगेच पुढचा सुरू करावासा वाटतो. रात्री अकरानंतर तो मोह आवर. विशेषतः तिसऱ्या आणि चौथ्या भागाच्या शेवटानंतर थोडी फिरून ये. मध्ये मध्ये बाकावर, पलंगावर, झोक्यावर बसायची सोय असते. तिथे मॅक्स नुसती विचार करत बसते, गाणं वाजत राहतं आणि तू बटण दाबेपर्यंत काही घडत नाही. घाईत असणारे या जागा टाळतात. संगीत जोनाथन मोरालीचं आहे, कानाला हेडफोन लावूनच ऐक.

भावाचं उत्तर सरळ आहे: नको. युरोपात या गेमला १६ वर्षांवरील आणि अमेरिकेत १७ वर्षांवरील असा शिक्का आहे, आणि तो शिव्यांपुरता नाही. तू दुसऱ्या भागात जे पाहिलंस त्याहून जड गोष्टी पुढे आहेत. शेजारी बसून बघणंही थांबव, कारण बघणाऱ्याला बटण दाबता येत नाही आणि दिसतं मात्र सगळं. त्याने गच्चीचा प्रसंग पाहिला असेल तर त्याला एकदा विचार, काय वाटलं म्हणून. बारा वर्षांची मुलं स्वतःहून सांगत नाहीत.

आणि फोडाफोडीपासून जपायचं असेल तर पाचवा भाग संपेपर्यंत यूट्यूबवर गेमचं नावही टाकू नकोस. व्हिडिओंच्या मुखचित्रांवरच शेवट छापलेला असतो. सेलमध्ये याच मालिकेतला ‘बिफोर द स्टॉर्म’ दिसेल. तो २०१७ साली डेक नाइन या दुसऱ्या स्टुडिओने बनवला. क्लोई आणि रेचलची आधीची गोष्ट आहे, तीन भागांची, आणि त्यात काळ मागे नेता येत नाही. कालक्रमाने आधीचा म्हणून आधी खेळावा, असं कोणी सांगेल. ऐकू नकोस. रेचल कोण होती हे कळून मग तिचा शोध घेण्यात अर्थ राहत नाही. मालिकेतल्याच ‘ट्रू कलर्स’ची गोष्ट वेगळ्याच नायिकेची आहे, ती कधीही चालेल. २०२४ चा ‘डबल एक्स्पोजर’ मात्र मॅक्सचाच आहे आणि पहिल्या गेमचा शेवट तू काय केलास ते तो सुरुवातीलाच विचारतो, म्हणून तो सर्वांत शेवटी. मूळ गेम २ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवरही चालतो. २०२२ ची रीमास्टर्ड आवृत्ती जास्त ताकद मागते आणि बाजारात आली तेव्हा तिच्यात बऱ्याच त्रुटी होत्या, त्यामुळे तुझ्याकडे मूळ आवृत्ती असताना वेगळे पैसे घालू नकोस.